नवा कोरा कपडा जुना कसा करायचा: हौशी नाटकाच्या कपडेपटासाठी सगळं एकाच ठिकाणी

स्पर्धेचं नाटक बघायला बसलं की पडदा उघडल्या उघडल्या कळतं, कपडे कालच आणलेत. कर्जबाजारी शेतकरी म्हणे, आणि नेहरू शर्टाला दुकानातल्या घडीची रेघ तशीच, धोतर पांढरंफेक. मग कुणीतरी दिग्दर्शकाला सांगतं की कपडे लई नवे वाटतायत, की लगेच पुढच्या प्रयोगाला तोच शर्ट मातीत लोळवून आणतात. ते तर आणखी वाईट दिसतं. नवा कपडा मळवला की तो मळलेला नवा कपडाच दिसतो, जुना दिसत नाही. जुना होणं वेगळं आणि घाण होणं वेगळं, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं म्हणून समजा.

आता आपल्याकडं सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर केलं, दरवर्षी ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन होतो, राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र आहे, गावोगावच्या जत्रेत नाटकं होतात, म्हणजे नाटक करणाऱ्यांना तोटा नाही, पण कपडेपटाला बजेट कायम शेवटी उरलेलं मिळतं. त्यामुळं खाली जे सांगतोय ते बहुतेक सगळं किराणा, हार्डवेअर आणि स्टेशनरी या तीन दुकानांत मिळणाऱ्या सामानात होतं.

आधी माणूस ठरवा, मग कपडा

कपड्याला हात लावायच्या आधी कागद-पेन घेऊन बसा आणि त्या पात्राबद्दल काही साधे प्रश्न विचारा. काय काम करतो, कुठं राहतो, डावरा आहे का, कपडे कोण धुतं, फाटलं तर शिवणारं घरात कुणी आहे का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडचा गरीब माणूस फाटका फिरत नाही, ठिगळ लावून फिरतो, आणि बऱ्याचदा त्याचं धोतर विरलेलं असतं पण दगडावर आपटून स्वच्छ धुतलेलं असतं. उघडं भोक दिसलं की बघणाऱ्याला वाटतं याच्या घरात सुई धरणारं कुणी नाही किंवा हा माणूसच हरलाय. ते दाखवायचं असेल तर भोक ठेवा, नाहीतर ठिगळ लावा.

काम काय करतो त्यावर झीज कुठं येणार ते ठरतं. मार्केट यार्डातला हळदीची पोती उचलणारा हमाल घ्या. त्याचा शर्ट खांद्यावर आणि मानेच्या मागं झिजणार, पिवळा पण तिथंच होणार, गुडघ्याला काही विशेष नाही. ऊसतोडीला आलेली बाई साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट घालते, ऊसाचं पान कापतं म्हणून, तर त्या शर्टाच्या बाह्या मनगटाकडं ओरखडलेल्या, धागे निघालेले, आणि आतली साडी त्या मानानं बरी. तासगावकडच्या द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्याच्या कपड्यावर बोर्डोचे, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या औषधाचे, निळसर हिरवट शिंतोडे असतात, ते धुऊन जात नाहीत. शिंपी असेल तर मांडीवर टाचण्यांनी ओढलेले धागे. बसून काम करणारा कारकून असेल तर उजवं कोपर आणि पँटची बैठक चकचकीत, बाकी कपडा ठीकठाक.

आणि माती. हे लोक विसरतातच. जावळी-महाबळेश्वरकडची माती लाल, कृष्णाकाठची, इस्लामपूर-पलूसकडची काळी, जत-आटपाडी-माणची पांढुरकी मुरमाड. जतच्या दुष्काळावरचं नाटक आणि धोतराच्या सोग्याला लाल काव फासलेली, हे आपल्या भागातल्या प्रेक्षकाला दहाव्या रांगेतूनसुद्धा खटकतं, त्याला सांगता येत नाही काय चुकलं पण खटकतं.

कापड कुठलं घ्यायचं

सुती घ्या. यावर वाद नको. मांजरपाट, खादी, साधं कॉटन, काहीही, पण सुती. टेरिकॉट आणि पॉलिएस्टर जुनं होतंच नाही, म्हणजे होतं पण त्याला गोळे येतात, रंग तसाच राहतो, चहाचा रंग धरत नाही, काचपेपर मारला की फक्त केस उभे राहतात. शिवाय जुन्या काळातलं नाटक असेल तर ते चुकतंच. पॉलिएस्टरचा टेरिलीन धागा इंग्लंडात शोधला गेला तोच १९४१ साली, तेव्हा बेचाळीसची चळवळ, पत्री सरकार असं काही करत असाल तर टेरिकॉटचा नेहरू शर्ट कुणाच्याच अंगावर नको. खादी घ्या, ती मळते पण छान आणि विरते पण छान.

दुकानदार म्हणतो प्युअर कॉटन आहे, तर शिवणीच्या आतला एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास, हातात भुरभुरीत राख. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. लोकर आणि रेशीम केस जळल्याचा वास देतं. मिक्स असेल तर राखेत बारीक खडे लागतात.

एक सांगायचं राहिलं, कापड शिवायच्या आधी एकदा गरम पाण्यातून काढा. सुती कापड आटतं, आणि तुम्ही त्याला पुढं उकळणार आहात. शिवून मग उकळलं तर नटाच्या बाह्या मनगटाच्या वर जातील.

अंगावर घालून खुणा करा

शिवून आलं की नटाला घालायला लावा आणि त्याला नुसतं उभं नका करू. बसवा, उकिडवं बसवा, वाकवा, हात वर करायला सांगा. कोपर नेमकं कुठं येतं, गुडघा कुठं, हात आपोआप कुठं पुसला जातो, धोतराचा काष्टा कुठं घासतो, साध्या शिंप्याच्या खडूनं गोल करून ठेवा. टेबलावर पसरलेल्या शर्टावर अंदाजानं कोपर झिजवलं तर ते कायम दोन इंच वर किंवा खाली जातं, मग नट हात दुमडतो तेव्हा झीज दंडावर दिसते. नऊवारीचं तर अंगावर नेसवल्याशिवाय काहीच करू नका, कारण नेसायची पद्धत बदलली की खालचा काठ कुठला आणि बैठकीवर कुठला भाग येतो ते सगळंच बदलतं.

आता क्रम लक्षात ठेवा: धुणं, रंग उतरवणं, रंग चढवणं, आकार मोडणं, घासणं, फाडणं-शिवणं, आणि सगळ्यात शेवटी मळ. उलटं केलं तर प्रत्येक पायरीला आधीचं काम धुऊन जातं.

धुणं आणि रंग उतरवणं

नव्या कापडात खळ असते. ती गेल्याशिवाय कापड लोंबत नाही आणि रंग पण धरत नाही. सुती असेल तर बादलीभर कडक गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा टाकून रात्रभर भिजवा, सकाळी दगडावर धोपटा. हे दोन-तीनदा केलं की हाताला फरक कळतो. सोडा लोकर किंवा रेशमाला लावू नका.

रंगीत कपडा असेल तर ब्लीच लागतं. सगळा शर्ट ब्लीचमध्ये बुडवायचा मोह टाळा, कारण उन्हानं कपडा सगळीकडं सारखा उडत नाही. वाकून काम करणाऱ्याची पाठ आणि खांदे उडतात, बाह्यांची वरची बाजू उडते, काखेखाली आणि कॉलरच्या खाली मूळ रंग तसाच राहतो. म्हणून घरगुती पातळ ब्लीच एक भाग, पाणी दहा भाग, स्प्रेच्या बाटलीत भरून ओल्या शर्टावर खांद्यापासून लांबून मारा. ओल्या कपड्यावर मारलं की कडा पसरतात, कोरड्यावर मारलं की ठिपके पडतात. रंग हवा त्याच्या थोडा आधी थांबवा आणि भरपूर पाण्यात खळबळून काढा. नुसत्या पाण्यानं ब्लीचचं काम पूर्ण थांबत नाही, कापड पुढं महिनाभर खात राहतं, म्हणून हायपो वापरा, पूर्वी फोटो स्टुडिओत वापरायचे तेच, आता माशांच्या टाकीच्या दुकानात पाण्यातलं क्लोरीन मारायला खडे मिळतात ते पण हायपोच. लिटरला एक चमचा, दहा मिनिटं बुडवा, परत धुवा.

सावधगिरीचं इथंच सांगतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, संडास धुवायचं ॲसिड यातलं काहीही मिसळायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. कुठंतरी ऐकून लोक ब्लीचचं काम थांबवायला म्हणून व्हिनेगर ओततात, ते अजिबात करू नका. काम गच्चीवर किंवा अंगणात करा, हातमोजे घाला. घोंगडी, लोकरीचं जाकीट, रेशमी काठ यांना ब्लीच लावायचंच नाही, लोकर आणि रेशीम त्यात अक्षरशः विरघळतं.

इथं एक युक्ती जी मला सगळ्यात जास्त आवडते. शर्टाला छातीवर एक खिसा कच्च्या टाक्यांनी लावा, मग ब्लीच फवारा, मग खिसा उसवून काढा. खाली मूळ गडद रंगाचा चौकोन राहतो, कडेनं सुईची भोकं. बघणाऱ्याला लगेच कळतं की इथला खिसा काढून कुठंतरी ठिगळाला वापरलाय. तसंच परकराची, चड्डीची खालची दुमड: दुमडून ब्लीच मारायचं, मग उसवून सोडायचं, जुनी घडीची रेघ दिसते, म्हणजे पोरगं वाढलंय आणि कपडा तोच आहे. संवादात न सांगता गोष्ट कळते.

चहा, काथ, हिरडा

पांढरा कपडा पांढरा ठेवायचाच नाही, गरीब घराचा तर नाहीच, पण श्रीमंताचा पण नाही. नव्या पांढऱ्या कापडात आणि आपल्या साबणाच्या पावडरीत चमक आणणारं रसायन असतं, स्टेजच्या लाइटमध्ये ते निळसर चमकतं आणि नटाच्या तोंडापेक्षा शर्टच जास्त दिसतो. त्यामुळं सगळ्याच पांढऱ्याला हलका चहा द्या.

एका शर्टाला पाच-सहा लिटर पाणी, ५० ते ६० ग्रॅम चहा पावडर, साधी डस्ट चालते, उलट स्वस्तातली जास्त रंग सोडते. पंधरा मिनिटं उकळा आणि फडक्यातून गाळून घ्या, गाळलं नाही तर दाणे चिकटून चट्टे पडतात. कपडा आधी साध्या पाण्यात ओला करून पिळून मगच चहात टाका, नाहीतर जिथं आधी लागलं तिथं गडद होतं. गॅस बारीक ठेवून अर्धा तास हलवत राहा. पातेलं स्टीलचं घ्या, लोखंडी कढई नको, चहा लोखंडाला लागला की काळवंडतो. ओला कपडा दिसतो त्यापेक्षा वाळल्यावर बराच फिका होतो, तेव्हा एक कोपरा इस्त्रीनं वाळवून बघा आणि मग ठरवा. मीठ टाका असं लोक सांगतात, काही गरज नाही. रंग टिकवायचा असेल तर आधी कपडा तुरटीच्या कोमट पाण्यात तासभर ठेवा.

चहाचा रंग पिवळसर तपकिरी येतो. लालसर पाहिजे असेल तर काथ, पानवाला वापरतो तोच, फोडून गरम पाण्यात विरघळवायचा, हा धुतल्यावर चहापेक्षा चांगला टिकतो. पाटण-महाबळेश्वरच्या बाजूला हिरडा मुबलक, आयुर्वेदिक सामानाच्या दुकानात पण मिळतो, कुटून उकळला की फिका पिवळट रंग देतो.

आणि खरी जादू हिराकसची, म्हणजे लोखंडाच्या क्षाराची. चहाचा किंवा हिरड्याचा रंग चढलेला कपडा बादलीभर पाण्यात अर्धा चमचा हिराकस टाकून त्यात बुडवला की बघता बघता राखाडी पडतो. जुन्या काळ्या कपड्याचा जो उडालेला, मेलेला रंग असतो तो असाच मिळतो. अर्धा चमचा म्हणजे अर्धाच, जास्त झालं तर काळाभोर होतो, आणि लोखंडानं सुती धागा कमजोर होतो, काही महिन्यांत कपडा कुजल्यासारखा फाटायला लागतो. हातमोजे घाला, आणि ती बादली परत स्वयंपाकघरात न्यायची नाही.

हळदीबद्दल. आपल्या गावात हळद म्हणजे काय विचारायलाच नको, म्हणून लोक पहिल्यांदा तीच उचलतात, पण रंग द्यायला हळद भरवशाची नाही. उन्हात उडून जाते, आणि साबण लागला की लाल होते, कुंकू हळदीपासून करतात त्यामागं तेच रसायन आहे. हमालाच्या खांद्यावरचा पिवळा पक्का पाहिजे असेल तर पिवळा ऑकर (मातकट पिवळा) ॲक्रिलिक रंग पातळ करून मारा आणि वर प्रयोगाच्या दिवशी चिमूटभर खरी हळद चोळा, पहिल्या दोन रांगांना वास पण येतो.

आकार मोडणं

हे फार कमी लोक करतात आणि यानंच सगळ्यात जास्त फरक पडतो. जुना कपडा अंगाचा आकार घेतो, नवा हँगरचा. ओला शर्ट दोरखंडासारखा पिळून सुतळीनं बांधा आणि तसाच उन्हात वाळवा, सुरकुत्या बसतात. पँटच्या गुडघ्यात ओली असताना जुन्या चिंध्यांचा बोळा कोंबून वाळवा, गुडघे पुढं येतात. खिशात दगड भरून ओला शर्ट दोरीवर टांगून ठेवा, खिशाचं तोंड सैल पडून लोंबतं. बाह्या वर दुमडून ठेवणारा माणूस असेल तर दुमड घालून पाण्याचा हबका मारून वाळवा. आणि कुठल्याही परिस्थितीत इस्त्री करायची नाही, घरात आई किंवा बायको कौतुकानं करून ठेवते, त्यांना आधीच सांगून ठेवा.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे तालमीला तेच कपडे घालायला लावणं. नट कुरकुर करतात, करू द्या. घाम, बसणं-उठणं, सतरंजीवर लोळणं, यानं जे होतं ते हातानं करता येत नाही.

घासणं

सामान: ८० आणि १२० नंबरचा काचपेपर, तारेचा ब्रश, टाच घासायची वजरी, जुनी किसणी, लाकूडकामाची कानस. कपड्याच्या आत पाट किंवा फळीचा तुकडा सरकवा, नाहीतर मागचा पदर पण झिजतो.

सुरुवात कडांपासून. कॉलरची घडी, बाहीची कड, खिशाचं तोंड, बटणपट्टी, जिथं कापड दुहेरी आहे तिथं शिवणीची कड वर उचललेली असते आणि खऱ्या आयुष्यात तीच आधी घासते. १२० चा काचपेपर बोटाभोवती गुंडाळून कडेकडेनं ओढा, आधी रंग उडतो, मग पांढरा धागा दिसतो, मग केस निघतात, तुम्हाला कुठं थांबायचं ते पात्रावर. मग कोपर आणि गुडघा, इथं ८० नंबर, गोल फिरवत मधून बाहेर जायचं, कड कुठं संपते ते कळता कामा नये. एकाच ताकदीनं सगळीकडं घासलं की ते शोरूममधल्या जीन्ससारखं दिसतं, म्हणून उजवीकडं जास्त, डावीकडं कमी, डावरा असेल तर उलट.

गांधी टोपीला वेगळा विचार लागतो. ती घडी घालून खिशात ठेवली जाते म्हणून वरची टोकं आणि मधली घडी झिजते, आणि आतून कपाळाला लागणारी पट्टी तेलानं आणि घामानं तपकिरी होते, ती बाहेरून वर चढत जाते. आतून काथाचं पाणी ब्रशनं पट्टीला लावा आणि आपोआप बाहेर झिरपू द्या. बाहेरून रंगवलं की लगेच रंगवलेलं कळतं.

बटणं विसरू नका. सगळी नवी चकचकीत बटणं एका जुन्या शर्टावर असू शकत नाहीत. काचपेपरवर घासून चमक घालवा आणि एक बटण वेगळं, वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं लावा.

फाडणं आणि शिवणं

कात्री लावायची नाही. कात्रीचा काप सरळ असतो आणि कडा दाट राहतात, शेवटच्या रांगेतून कळतं. आधी जागा घासून विरळ करा, मग खिळ्याला अडकवून ओढा. कापड नेहमी उभ्या किंवा आडव्या धाग्यानं फाटतं, काटेरी तारेला अडकलं तर इंग्रजी एल अक्षरासारखं काटकोनात फाटतं, विरून फाटलं तर एका दिशेचे धागे जातात आणि दुसऱ्या दिशेचे नुसते तारेसारखे राहतात. ते दाखवायचं असेल तर सुईनं एकाच दिशेचा एकेक धागा उचलून काढा, वेळखाऊ आहे पण गुडघ्यावर अशी एक जागा केली की बाकीकडं फारसं काही करायला लागत नाही.

ठिगळ वेगळ्या कपड्याचं, वेगळ्या पातळीला उडालेलं. मूळ कपड्याइतकंच जुनं ठिगळ म्हणजे चूक, ते एकतर जास्त नवं असतं किंवा दुसऱ्या एखाद्या जास्त जुन्या कपड्यातून आलेलं असतं. टाके हातानंच घाला, आणि कोण घालतंय ते ठरवून घाला: म्हातारीचे टाके बारीक आणि सारखे, एकट्या राहणाऱ्या गड्याचे मोठे आणि ओढलेले. ठिगळ लावल्यावर परत एकदा हलक्या चहातून काढा म्हणजे दोरा पण नवा राहत नाही.

विडी ओढणारा असेल तर छातीवर आणि मांडीवर अगरबत्तीनं दोन-तीन बारीक भोकं पाडा, फक्त सुती कपड्यावर, अंगावर नसताना, आणि शेजारी ओलं फडकं ठेवून.

मळ, घाम, चिखल

आता कुठं मळ. मळ थरांत असतो. आधी जुना, धुऊन न गेलेला डाग, तो ॲक्रिलिक रंगानं करायचा: बर्न्ट अंबर, रॉ अंबर (या दोन्ही तपकिरी छटा), पिवळा ऑकर, दुधाइतका पातळ, स्पंजानं टिपून, लगेच ओल्या फडक्यानं पुसायचा. काळा रंग वापरू नका, स्टेजवर काळा डाग म्हणजे भोक वाटतं. वाळल्यावर उलट्या बाजूनं इस्त्री फिरवली की रंग पक्का बसतो, इस्त्री करायला परवानगी आहे ती एवढीच. खिशाचं तोंड, पोटाचा भाग, पदराचं टोक, जिथं हात पुसला जातो तिथं. बोर्डोचे शिंतोडे पण याच पद्धतीनं, निळ्या-हिरव्या ॲक्रिलिकमध्ये थोडी खडूची पूड घालून टूथब्रशनं उडवायचे, खरं मोरचूद आणू नका, ते विषारी आहे आणि अंगाला खातं.

कॉलरचा तेलकटपणा मेणबत्तीनं. पातळ तपकिरी रंग देऊन वाळला की मेणबत्ती घासा आणि चमच्याच्या पाठीनं रगडा, तो मेणचट चकचकीतपणा येतो. घामाच्या पांढऱ्या रेघा गडद कपड्यावरच दिसतात: गरम पाण्यात मावेल तेवढं मीठ विरघळवून काखेच्या आणि पाठीच्या कडेनं ब्रशनं लावा आणि उन्हात वाळवा. ताजा घाम पाहिजे तर ग्लिसरीन आणि पाणी निम्मंनिम्मं, विंगेतून एंट्रीच्या आधी फवारा, नुसतं पाणी लाइटखाली मिनिटांत वाळतं.

पुराच्या पाण्याचं दाखवायचं असेल, आणि २०१९ नंतर आपल्याकडं ते दाखवावं लागतंच, तर लक्षात ठेवा की डाग खालून वर सारखा नसतो, पाणी जिथं थांबलं तिथं वरच्या कडेला गाळाची गडद रेघ राहते आणि तिच्या खाली रंग फिका असतो. शाडू आणि काळी माती कालवून कपडा कमरेपर्यंत बुडवून सरळ टांगून सावकाश वाळू द्या, रेघ आपोआप उमटते.

वरची धूळ सगळ्यात शेवटी. मुलतानी माती पांढुरक्या धुळीला, काव किंवा गेरू लाल मातीला, चुलीची चाळलेली राख राखाडीला. मोज्यात भरून कपड्यावर आपटायची. गोठ्यातली, गटाराकडची खरी माती नको, नटाला दोन तास अंगावर घालायचं असतं, खाज सुटते, जखम असेल तर चिघळते. शेतातली माती वापरायचीच असेल तर तव्यावर भाजून चाळून घ्या. धूळ उडवताना तोंडाला मास्क बांधा.

लाइटमध्ये बघितल्याशिवाय झालं म्हणू नका

घरात ट्यूबखाली जे झकास दिसतं ते स्टेजवर गायब होतं. पिवळ्या-केशरी लाइटमध्ये चहाचे, ऑकरचे डाग धुऊन जातात, निळ्या रात्रीच्या लाइटमध्ये तेच तपकिरी डाग काळे पडतात. तालमीच्या हॉलमध्ये काही नाही तर एका बल्बसमोर पिवळा जिलेटीन कागद धरून बघा, आणि शक्य असेल तर सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात रंगीत तालीम असते तेव्हा कपडेपटवाल्यानं विंगेत न बसता दहाव्या रांगेत जाऊन बसावं. तिथून कोपराची झीज दिसली पाहिजे, दिसत नसेल तर कडेला गडद आणि मधे फिकं असा फरक वाढवा. जवळून ते भडक वाटेल, वाटू द्या.

शूटिंग असेल तर बरोबर उलटं. वाई-मेणवलीकडं मालिका, शॉर्ट फिल्म वगैरे चालू असतं, तिथं कॅमेरा कपड्याच्या तोंडाशी येतो, रंगाचा डाग रंगाचाच दिसतो, तेव्हा ॲक्रिलिक कमी आणि खरी झीज, खरे टाके जास्त. शिवाय एकाच शर्टाचे दोन-तीन जोड लागतात, तर ते तिन्ही एकाच वेळी, एकाच पातेल्यात करा, नंतर जुळत नाहीत. प्रत्येक सीनआधी समोरून, मागून फोटो काढून ठेवा.

घोंगडी नवी असेल तर तिला यातलं जवळजवळ काहीच लागत नाही. माण-आटपाडीकडची खरी घोंगडी घ्या, तारेच्या ब्रशनं घडीवर आणि कडांवर घासा, मुलतानी माती आपटा, झालं. शक्य असेल तर एखाद्या म्हाताऱ्या मेंढपाळाकडून जुनी घोंगडी नव्या घोंगडीच्या बदल्यात मागा, बरेच जण खुशीनं देतात.

भाड्याच्या ड्रेपरीला, म्हणजे भाड्यानं आणलेल्या नाटकाच्या कपड्यांना, मात्र ब्लीच, काचपेपर, ॲक्रिलिक काहीही लावायचं नाही, डिपॉझिट तर जाईलच, पुढच्या वेळी दारात उभं करणार नाहीत. तिथं फक्त पिळून सुरकुत्या, कच्च्या टाक्यांचं ठिगळ आणि झटकून जाणारी मुलतानी माती.

प्रयोगांच्या मधे हे कपडे धुवायचे असतील तर गार पाणी, साबण नाही, आतल्या बाजूनं, सावलीत वाळवायचे. घामाचा वास जात नसेल तर पाण्यात थोडं स्पिरिट मिसळून आतून काखेत फवारा, आणि वाळेपर्यंत विडी-काडीपासून लांब ठेवा. प्रत्येक कपड्याच्या आत पात्राचं नाव आणि मोठ्या अक्षरात "धुवू नये, इस्त्री करू नये" अशी पट्टी शिवून टाका, आणि वेगळ्या गाठोड्यात बांधा, नाहीतर कुणीतरी दानात आलेले जुने कपडे समजून वाटून टाकेल.